इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ, उगम आणि अध्यापन

इंग्रजी वाक्यातील एकूण एक शब्द ओळखीचा असावा आणि तरीही वाक्याचा अर्थ हाती लागू नये, असा प्रसंग पाचवी-सहावीच्या वर्गात वरचेवर येतो. ‘ही लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ या वाक्यात मुलाला अपरिचित असा एकही शब्द नाही. मांजर, पिशवी, बाहेर सोडणे या तिन्ही गोष्टी त्याला ठाऊक आहेत. तो विश्वासाने सांगतो की, त्याने पिशवीतून मांजर बाहेर सोडले. शिक्षक म्हणतात, चूक. याचा अर्थ ‘त्याने गुपित फोडले’ असा आहे. मुलाच्या दृष्टीने ही एक प्रकारची फसवणूकच होय. शब्दार्थ पाठ केले म्हणजे वाक्य कळते, असे त्याला आजवर सांगण्यात आलेले असते. त्याने शब्दार्थ पाठ केले, आणि वाक्य मात्र कळले नाही. ज्याच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही, अशा मुलाला येथे दाद मागायला दुसरी जागा नसते. ही भाषा आपल्या आवाक्यातली नव्हे, अशी त्याची समजूत होऊ लागते, आणि ती एकदा झाली की पुढे मोडून काढणे कठीण जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजीचे अध्यापन पहिल्या इयत्तेपासून सुरू झाले. त्यामुळे पूर्वी माध्यमिक शाळेच्या वाट्याला येणारा वाक्प्रचारांचा प्रश्न आता प्राथमिक शिक्षकाच्या दारी येऊन उभा राहिला आहे. त्याचे एक ठराविक उत्तर म्हणजे फळ्यावर यादी लिहिणे. डाव्या बाजूस वाक्प्रचार, उजव्या बाजूस अर्थ, खाली ‘पाठ करा’ अशी सूचना. यादीतील वीस वाक्प्रचार मुले चाचणीपुरते पाठ करतात आणि चाचणीनंतर विसरतात. दोष मुलांच्या स्मरणशक्तीचा नाही. ज्याला प्रसंग नाही, चित्र नाही आणि उपयोग नाही, असे काहीही मनात टिकत नाही.

वस्तुतः वाक्प्रचार ही काय चीज आहे, हे मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. ‘चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला’ हे वाक्य ऐकताना तुरीचे दाणे किती होते, असे तो विचारत नाही. ‘तुरी’च्या जागी ‘मूग’ घातले तर तो हसेल. ‘नाकावर टिच्चून’ याऐवजी ‘कानावर टिच्चून’ म्हटल्यास तोच शिक्षकांची चूक दाखवील. वाक्प्रचाराचा अर्थ सुट्या शब्दांत नसून संपूर्ण जुडीत असतो, आणि त्या जुडीतील शब्द मनास येईल तसे बदलता येत नाहीत, हे दोन्ही नियम त्याला मातृभाषेतून कधीच कळलेले आहेत. इंग्रजी वाक्प्रचाराचा पहिला पाठ म्हणूनच मराठीतून सुरू करावा. ‘तुरी’चा प्रयोग वर्गात पाच मिनिटे करून पाहावा आणि मग सांगावे की, इंग्रज मुलेही अशीच बोलतात. त्यांच्या तुरी निराळ्या, इतकेच.

येथे म्हण आणि वाक्प्रचार यांतील भेद थोडक्यात सांगितलेला बरा. ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’ ही म्हण आहे. वेळीच घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवितो, हे पूर्ण वाक्य असून त्यात अनुभवाचा निष्कर्ष आहे. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ हे अपुरे आहे. त्याला कर्ता हवा, काळ हवा. म्हण जशीच्या तशी उद्धृत करतात, वाक्प्रचार वाक्यात चालवावा लागतो. मुलांना हा चालविण्याचा सराव न दिल्यामुळेच उत्तरपत्रिकेत वाक्प्रचार क्रियापदाचे मूळ रूप घेऊन ताटकळत उभा असलेला दिसतो.

उगमाकडे वळल्यास मोठा मनोरंजक प्रदेश लागतो, आणि तेथे सावधगिरीही बाळगावी लागते. इंग्लंड हा बेटावरचा देश. त्याचे वैभव जहाजांवर उभे राहिले, त्यामुळे इंग्रजी बोलण्यात खलाशांचे शब्द जागोजागी सापडतात. नवख्या खलाशाला कोणता दोर कोणत्या शिडाचा हे शिकावे लागे. त्यावरून ‘लर्न द रोप्स’ म्हणजे एखाद्या कामातील खाचाखोचा शिकून घेणे. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे ‘सर्वसाधारणपणे’. हा वाक्प्रचार इतका झिजला आहे की तो दर्यावर्दी आहे याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. वाऱ्याच्या तोंडाशी जहाज हाकणे आणि वारा मागून घेऊन हाकणे या दोन्ही रीती मिळून तो झाला. शिकारीतून ‘बीट अबाउट द बुश’ आला. पक्षी उठविण्यासाठी झुडपांभोवती काठ्या आपटीत हिंडणे, आणि त्यावरून मुद्द्याला हात न घालता भोवती भोवती बोलणे. मराठीत याला ‘आढेवेढे घेणे’ किंवा ‘पाल्हाळ लावणे’ म्हणता येईल, परंतु दोन्हींत थोडा थोडा अर्थ उरतोच. पत्त्यांच्या खेळातूनही बरेच वाक्प्रचार आले आहेत. प्राथमिक वर्गात त्यांची घाई नको.

मुलांना सर्वांत जवळचा उगम क्रिकेटचा. पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हाने वाळू लागली की चेंडू वेडावाकडा उसळतो आणि फलंदाजाची त्रेधा उडते. आता मोठ्या सामन्यांत खेळपट्टी पावसात झाकून ठेवतात, पण ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीच्या परिस्थितीत सापडलेला, हा वाक्प्रचार टिकून आहे. ‘ऑफ वन्स ओन बॅट’ म्हणजे कोणी न सांगता, स्वतःच्या पुढाकाराने. ‘हॅट ट्रिक’ तर मराठी वर्तमानपत्रांत रोजच्या वापरातला शब्द झाला आहे. १८५८ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तेव्हा वर्गणी काढून त्याला टोपी देण्यात आली, असा त्याचा इतिहास सांगतात. निवडणुकीत तिसऱ्यांदा निवडून आलेल्या उमेदवाराला टोपी देण्याची कल्पना कोणाच्या मनात येत नाही, तरी शब्द तोच आहे. मराठीनेही या खेळातून स्वतःचे वाक्प्रचार घडविले आहेत. अवघड प्रश्न अचानक विचारणाऱ्यास ‘गुगली टाकली’ असे म्हणतात ते गावच्या पारावरही कळते. वाक्प्रचार कसा जन्मतो, याचे यापेक्षा सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही.

सावधगिरी एवढ्यासाठी की, वाक्प्रचारांच्या उगमाविषयी रचलेल्या कथा फार असतात. मुसळधार पाऊस पडणे या अर्थी ‘रेन कॅट्स अँड डॉग्ज’ हा वाक्प्रचार आपल्याकडील याद्यांत हटकून पहिल्या पाचांत असतो. त्याची कथा अशी सांगतात की, जुन्या काळी गवताने शाकारलेल्या छपरांवर कुत्री-मांजरे निजत आणि जोराच्या पावसात घसरून खाली पडत. गवती छपराखाली राहिलेला कोणताही शेतकरी या कथेला हसेल. शाकारलेल्या उतरत्या छपरावर कुत्रे निजत नाही, आणि पाऊस आल्यावर तेथे थांबत तर मुळीच नाही. या वाक्प्रचाराशी मिळतीजुळती रूपे सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी लेखनात आढळतात, आणि आजचे रूप जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या संवादसंग्रहात आहे. त्यामागील कारण कोशकारांना निश्चित करता आलेले नाही. शिक्षकांनी वर्गात एवढेच सांगावे. रंजक कथा सांगून मुलांना खोटे ज्ञान देण्यापेक्षा ‘हे कोणालाच नक्की ठाऊक नाही’ असे सांगणे चांगले, कारण ज्ञानाला सीमा असतात हेही मुलांनी शाळेतच शिकायचे असते. शिवाय हा वाक्प्रचार आजच्या बोलण्यात क्वचितच येतो. ‘इट इज पोअरिंग’ एवढे मुलांना आले की आषाढाचे काम भागते.

खऱ्या कथांचाही तोटा नाही. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे पाहूनही न पाहिल्यासारखे करणे. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीची खूण दिसताच नेल्सनने दुर्बीण आपल्या अंध डोळ्याला लावली आणि ‘मला खूण दिसत नाही’ असे सांगितले, ही गोष्ट या वाक्प्रचाराशी जोडली गेली आहे. वाक्प्रचार त्याच्याही आधीचा असल्याचे दाखले आहेत. मराठीत यासाठी ‘डोळेझाक करणे’ आणि ‘कानाडोळा करणे’ असे दोन चांगले वाक्प्रचार तयारच आहेत, आणि दुसऱ्यात तर कानही सामील झाला आहे.

सोपा दिसणारा धोका

खरी अडचण अपरिचित वाक्प्रचारांची नाही. जे परिचित वाटतात त्यांची आहे. इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषा हात, पाय, नाक, कान यांवरून वाक्प्रचार करतात. कित्येक वेळा ते जुळतात. ‘टर्न अप वन्स नोज’ आणि ‘नाक मुरडणे’ हे तर जुळे भाऊ आहेत. ‘लेंड ॲन इअर’ आणि ‘कान देणे’ यांतही अंतर नाही. अशी दोन-चार उदाहरणे पाहिली की मूल समजते, हे सर्व असेच असणार, आणि तेथेच ते घसरते.

‘पुल समवन्स लेग’ हा वाक्प्रचार घ्यावा. शब्द बघता ‘पाय ओढणे’. पण मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला मत्सराने खाली खेचणे, आणि इंग्रजीत लेग पुल करणे म्हणजे स्नेहाने थट्टा करणे. परदेशी पाहुण्याने हसत हसत ‘आय वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग’ असे म्हटले आणि मराठी विद्यार्थ्याने मनात भाषांतर केले, तर पाहुणा स्वतःच आपल्या मत्सराची कबुली देत आहे असा त्याचा समज होईल. तसेच ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ याचे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात लोकांसमोर हात धुतो आणि येशूच्या मृत्यूची जबाबदारी आपल्यावर नाही असे सांगतो. त्यावरून जबाबदारी झटकून मोकळे होणे हा अर्थ आला. मराठीत मात्र एखाद्याच्या ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे त्याची पाठ न सोडणे, आणि वाहत्या गंगेत ‘हात धुऊन घेणे’ म्हणजे संधी साधून लाभ उठविणे. एकच पाणी आणि तेच हात, पण एक माणूस निघून जातो, दुसरा मागे लागतो आणि तिसरा आपला लाभ करून घेतो. हे तिन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्यास वर्ग विसरणार नाही.

अंगठ्याची गोष्ट तर आज मुलांच्या खेळण्यात आली आहे. मोबाइलच्या पडद्यावर उंचावलेला अंगठा म्हणजे ‘ठीक आहे’, ‘पसंत आहे’. ‘थम्स अप’चा इंग्रजीतील अर्थही तोच. परंतु मराठीत ‘अंगठा दाखविणे’ म्हणजे काम साधून झाल्यावर नकार देणे, तोंडाला पाने पुसणे. घरातील आजोबा नातवाने धाडलेला अंगठा पाहून रागावले, तर चूक दोघांपैकी कोणाचीच नसते. घुबडाचेही असेच. ग्रीकांच्या अथेना देवतेचा तो पक्षी असल्याने इंग्रजीत शहाण्या माणसास घुबडाची उपमा देतात. ती उपमा मराठीत आणून शाळातपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांच्या स्वागतात कोणी वापरू नये.

हवामानाचा भाग याहून सूक्ष्म आहे आणि त्यावर थोडे थांबणे योग्य होईल. इंग्लंड थंड देश. तेथे ऊब म्हणजे सुख आणि गारठा म्हणजे संकट. साहजिकच ‘वॉर्म वेलकम’ म्हणजे प्रेमाचे स्वागत, ‘वॉर्म हार्टेड’ म्हणजे मायाळू, ‘कोल्ड फीट’ म्हणजे ऐन वेळी धीर सुटणे, आणि ‘कोल्ड शोल्डर’ म्हणजे जाणूनबुजून केलेली उपेक्षा. (हा शेवटचा वाक्प्रचार वॉल्टर स्कॉटने १८१६ सालच्या आपल्या कादंबरीत वापरला आणि तेथून तो पसरला. नकोशा पाहुण्यास मेंढीच्या खांद्याचे थंड मांस वाढीत, ही त्यामागची कथा मागाहून रचलेली दिसते.) मराठी मुलुखात चैत्र-वैशाखाचे ऊन सोसणाऱ्याला सुख वाटते ते गारव्याचे. म्हणून येथे डोळे ‘निवतात’, जिवाला ‘थंडावा’ मिळतो, आणि उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवले जाते. ‘मायेची ऊब’ मराठीतही आहे, पण ती आईच्या कुशीची आणि गोधडीची ऊब आहे. तिचे आणि स्वागताचे नाते नाही. अलीकडे कार्यक्रमांच्या वृत्तांतात ‘पाहुण्यांचे उबदार स्वागत करण्यात आले’ असे वाक्य येऊ लागले आहे. मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपाखाली उबदार स्वागत म्हणजे पाहुण्यांचा छळच. इंग्रजी शब्द कळले पण त्यामागची हवा कळली नाही, म्हणजे असे होते.

यातून दुसरा एक प्रश्न निघतो. इंग्रजी वाक्प्रचारांची मराठीत शब्दशः भाषांतरे होऊ द्यावीत काय? या बाबतीत केवळ सोवळे पाळून भागणार नाही. इंग्रजीने स्वतःच असली भाषांतरे पुष्कळ केली आहेत. थोडक्यात बचावणे या अर्थाचा ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ हा वाक्प्रचार बायबलच्या ईयोब ग्रंथातील हिब्रू शब्दांचे जसेच्या तसे भाषांतर आहे. ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ म्हणजे जे असेल ते परखडपणे सांगणे. हा वाक्प्रचार तर भाषांतरातील घसरणीतून जन्मला. मूळ ग्रीकमध्ये लाकडी काथवटीला काथवट म्हणावे, अशा अर्थाचा शब्द होता. इरॅस्मस या पंडिताने लॅटिनमध्ये नेताना त्याचे फावडे केले, आणि १५४२ साली निकोलस उडॉलने ते फावडे इंग्रजीत आणले. जवळजवळ पाचशे वर्षे इंग्रज लोक त्या फावड्याने काम करीत आहेत, आणि कोणाचे काही अडलेले नाही.

मराठीतही ‘लालफीत’ रुजली. कागदपत्रांची बंडले तांबड्या फितीने बांधण्याची रीत इंग्रजी कचेऱ्यांतून येथे आली, फीत लोकांनी डोळ्यांनी पाहिली, आणि दप्तरदिरंगाईचा अनुभव तर घ्यावाच लागला. ‘हिरवा कंदील दाखविणे’ याचे उदाहरण त्याहून चांगले आहे. इंग्रजीत तो नुसता हिरवा ‘लाइट’ आहे. मराठीने त्याचा ‘कंदील’ केला, कारण १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली त्यानंतरच्या पिढ्यांनी गार्डाच्या हातात कंदीलच पाहिला होता. येथे शब्दाचे भाषांतर झाले नाही, दृश्याचे झाले. म्हणूनच ते शोभते. ‘सिंहाचा वाटा’ इसापच्या गोष्टीतून आला. मूळ गोष्टीत शिकार सर्वांनी मिळून केली आणि सिंहाने सर्व वाटे स्वतःच घेतले. इंग्रजीत ‘लायन्स शेअर’ म्हणजे घेतलेला मोठा हिस्सा. मराठीत मात्र ‘शाळेच्या उभारणीत गावकऱ्यांचा सिंहाचा वाटा आहे’ असे म्हणतात, म्हणजे दिलेला मोठा हिस्सा. घेणाऱ्या सिंहाला मराठीने दाता बनविले. हा बदल अज्ञानाने झाला असेल, पण आता तो भाषेचा आहे आणि त्यात दुरुस्ती करीत बसण्याचे कारण नाही.

याउलट ‘ॲट द एंड ऑफ द डे’ याचे ‘दिवसाच्या शेवटी’ हे भाषांतर कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. त्याचा अर्थ ‘सरतेशेवटी’, ‘काही झाले तरी’ असा आहे. त्याचा सूर्यास्ताशी संबंध नाही. ‘यू मेड माय डे’ याचे ‘तू माझा दिवस बनवलास’ हे तसेच. ज्या भाषेत ‘आजचा दिवस सोन्याचा झाला’ असे म्हणता येते, तिला ही उसनवारी कशासाठी? मुले असे बोलताना आढळल्यास रागावू नये. ‘हेच घरी आजी कसे म्हणेल?’ एवढे विचारावे. बहुतेक वेळा मूल घरून योग्य वाक्प्रचार घेऊनच येते.

वर्गातील पद्धती

वाक्प्रचार शिकविताना आधी प्रसंग, नंतर वाक्य, आणि शेवटी अर्थ, हा क्रम ठेवावा. यादीत तो नेमका उलटा असतो. सहावीच्या वर्गासाठी एक नमुना पाहावा. शिक्षकांनी मराठीतून किंवा सोप्या इंग्रजीतून सांगावे : शाळेतील बाईंचा वाढदिवस आहे, वर्गाने गुपचूप भेटकार्ड केले आहे, आणि मधल्या सुट्टीत एका मुलाने बाईंनाच विचारले, ‘बाई, कार्ड आवडेल ना?’ येथे थांबून वर्गाला विचारावे, काय झाले? मुले म्हणतील, गुपित फुटले. आता वाक्य द्यावे : ‘ही लेट द कॅट आउट ऑफ द बॅग.’ मांजर आणि पिशवी यांचे छोटे चित्र फळ्यावर काढावे. मग पुढचा प्रश्न : मराठीत याला काय म्हणाल? कोणी ‘बिंग फुटले’ म्हणेल. येथे शिक्षकांनी जागरूक राहावे. बिंग फुटते ते लबाडीचे. वाढदिवसाचे कार्ड ही लबाडी नव्हे. ‘भांडे फुटले’ यातही अपराधाची छटा आहे. ‘त्याच्या पोटात राहिले नाही’ हे या प्रसंगाला अधिक जवळचे. असा शोध मुलांसमोर आणि मुलांकडून व्हावा. एकेका वाक्प्रचारावर असा अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये, कारण त्या अर्ध्या तासात इंग्रजीबरोबर मराठीचाही पाठ झालेला असतो.

त्याच पद्धतीने ‘इन द सेम बोट’ घ्यावा. पुरामुळे दोन्ही वाड्यांचा रस्ता बंद झाला, दोन्हीकडची मुले शाळेत अडकली, आणि ‘वुई आर इन द सेम बोट’ असे एकाने दुसऱ्यास म्हटले. संकट समान, म्हणून आपुलकी. काही याद्यांत याचा अर्थ ‘एकाच माळेचे मणी’ असा दिलेला असतो. तो चुकीचा आहे. एका माळेचे मणी म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात तिरस्कार असतो आणि तो स्वतः त्या माळेबाहेर उभा असतो. नावेतला माणूस नावेतच बसून बोलत असतो.

कोणाशी काय बोलावे हेही सांगितले पाहिजे. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, असे यादीत लिहिलेले असते. फ्रान्सिस ग्रोझने १७८५ साली बाजारू शब्दांचा जो कोश छापला त्यात तो आहे, आणि त्यावरूनच त्याची पायरी कळते. तो ‘गचकणे’च्या जातीचा आहे. केवळ अर्थ पाठ केलेला मुलगा शाळेच्या वृद्ध शिपायाच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबास इंग्रजीत पत्र लिहिताना हा वाक्प्रचार वापरील, आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष असेल. असले वाक्प्रचार प्राथमिक वर्गात न शिकविणेच इष्ट. ‘कॅरी कोल्स टु न्यूकॅसल’ हाही वगळावा. न्यूकॅसल हे कोळशाच्या व्यापाराचे शहर होते, तेथे कोळसा नेणे म्हणजे निरर्थक उद्योग. हे समजावण्यात जो वेळ जातो त्याच्या मोबदल्यात मुलाला बोलण्यात काहीच मिळत नाही.

मग शिकवावे काय? ज्यांना सहसा कोणी वाक्प्रचारांत मोजत नाही, ते प्रथम शिकवावेत. ‘पुट’ या एका लहान क्रियापदाला ‘ऑन’ जोडले की कपडे अंगात घालणे, ‘आउट’ जोडले की दिवा किंवा आग विझविणे, ‘ऑफ’ जोडले की पुढे ढकलणे, आणि ‘अप विथ’ जोडले की सहन करणे असा अर्थ होतो. ‘लुक आफ्टर’, ‘गिव्ह अप’, ‘गेट अप’, ‘रन आउट ऑफ’ हे त्याच कुळातले. इंग्रज मूल दिवसातून शंभर वेळा यांवाचून बोलू शकत नाही, आणि मांजर पिशवीतून वर्षाकाठी एखाद्या वेळीच बाहेर पडते. मराठी मुलाला याची कल्पना देण्यासाठी ‘लागणे’ हे क्रियापद पुरेसे आहे. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, दिवा लागतो, पैसे लागतात, वाटेला लागतात आणि एखाद्याची वाटही लागते. ‘लागणे’ म्हणजे काय, असे वर्गाला विचारावे. कोणालाच एका शब्दात सांगता येणार नाही, आणि तरी कोणीही वापरताना चुकणार नाही. ‘पुट’ आणि ‘गेट’ यांचे तसेच आहे, हे तेव्हा मुलांच्या ध्यानात येते.

संख्येविषयी आग्रह धरू नये. पाचवी ते सातवी या तीन वर्षांत चाळीस-पन्नास वाक्प्रचार खरोखर वापरता आले तर ते पुष्कळ झाले. चाचणीत ‘अर्थ सांगा’ हा प्रश्न शक्यतो टाळावा. त्याऐवजी चार ओळींचा प्रसंग देऊन ‘येथे कोणता वाक्प्रचार शोभेल?’ असे विचारावे. ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नालाही मुले पळवाट काढतात. ‘धिस सम इज अ पीस ऑफ केक’ हे वाक्य बरोबर आहे, पण ‘धिस इज अ पीस ऑफ केक’ एवढेच लिहिले असेल तर मुलाला गणित सोपे वाटले की त्याच्या ताटात केक होता, हे परीक्षकाला कळण्यास मार्ग नाही. अशा वाक्याला पूर्ण गुण देऊ नयेत आणि शून्यही देऊ नये. मुलाला बोलावून, आणखी एक वाक्य पुढे जोडण्यास सांगावे.

शिक्षकांच्या मेजावर या कामासाठी दोन प्रकारचे कोश असावेत. इंग्रजीसाठी, ज्यात वाक्प्रचाराबरोबर पूर्ण वाक्य आणि तो औपचारिक की बाजारू याची खूण दिलेली असते, असा विद्यार्थ्यांकरिता तयार केलेला एखादा कोश. मराठीसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश. तो हाताशी नसेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची १८५७ सालची वाढविलेली आवृत्ती पुन्हा पुन्हा छापली गेली आहे. ‘हात’, ‘डोळा’, ‘पाय’ यांसारख्या शब्दांखाली त्यात मराठी वाक्प्रचार इंग्रजी स्पष्टीकरणासह दिलेले आहेत. कोशात वाक्प्रचार शोधताना पहिला शब्द न पाहता मुख्य शब्द पाहावा. ‘लेट द कॅट’ हा बहुधा ‘कॅट’खाली मिळेल, ‘लेट’खाली नव्हे. सातवीच्या मुलांना आठवड्यातून एकदा, दोघादोघांच्या जोडीने, हे शोधण्याचे काम द्यावे आणि सापडलेला वाक्प्रचार, त्याचा प्रसंग व घरी विचारून आणलेला मराठी वाक्प्रचार अशा तीन गोष्टी एका वहीत लिहून घ्याव्यात.